बारा वाजलेलं घड्याळ

४ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग आहे असं समज. प्रत्यक्ष वाकणं आज जमणार नाही, कारण सकाळी गाडी ढकलून कंबर धरली आहे.

तुझ्या त्या खाणीवर फोन लागत नाही, म्हणून सगळी भडास कागदावर काढावी लागते. बाबांची गाडी, म्हणजे आता माझी गाडी, मला छळते आहे. सकाळी घरून निघताना अगदी शहाण्यासारखी पहिल्या झटक्यात चालू होते. पहिल्या पेशंटकडे नेते, दुसऱ्याकडे नेते. तिसऱ्याच्या दारातून बाहेर येऊन मी किल्ली फिरवली की टक. नुसतं टक, पुढे काही नाही. रोज होत नाही. रोज झालं असतं तर मी सरळ सायकल घेतली असती.

नोकरीला लागून पाच आठवडे झाले. तीन महिने कच्ची नोकरी, आणि त्यात तीन लेटमार्क झाले की नारळ. हे मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी चष्म्यावरून बघत सांगितलं. पहिला लेटमार्क आज झाला. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घेणाऱ्या मास्तरीणबाई आहेत ना, त्यांना दहा म्हणजे दहा लागतात. मी दहा चाळीसला पोचले तोवर बाईंनी ऑफिसात फोन करून टाकला होता. दादा, हॉस्पिटल बंद पडल्यावर आठ महिने मी घरात बसून भिंती मोजल्या आहेत. ही नोकरी गेली तर मला वेड लागेल, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, काडीने दात कोरत आत बघितलं आणि बॅटरी गेली म्हणाला. नवी बॅटरी बसवली. दोन दिवस बरे गेले, आज पुन्हा टक. बाबांना विचारलं तर म्हणतात की गाडीत काही दोष नाही, मला किल्ली फिरवता येत नाही. बाबांना काय सांगणार, कपाळ!

काहीतरी उपाय कळव. लोभ आहेच, तो गाडीसारखा मधेच बंद पडू देऊ नये.

तुझी,
ठिणगी


८ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अ. उ. आ. पत्र मालाच्या ट्रकमधून, बटाट्याच्या पोत्याखाली चेपून आलं. तरी तुझा आरडाओरडा चेपला गेला नव्हता.

मला स्वतःचाच राग येतोय. इथे घराएवढी यंत्रं मी बंदची चालू करतो, आणि तिथे माझ्या बहिणीची डबडी गाडी उभी राहते नि मी चार दिवसांनी पत्र लिहितोय. त्या काडीवाल्याकडे पुन्हा पाऊल टाकू नकोस. जो कानाने ऐकण्याआधी तोंडाने बोलतो तो मिस्त्री नव्हे. पलीकडच्या रस्त्यावर पंपाशेजारी एक वयस्कर चष्मेवाले असायचे, अजून असतील तर त्यांच्याकडे जा. ते बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

आणि एक वही कर. गाडी कधी चालू झाली, कधी नाही, इंजिन गरम होतं की गार, किती वेळ उभी होती, आवाज कसला, दिवे मंद झाले का, सगळं लिही. तुला क्षुल्लक वाटेल तेही लिही. यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण त्याचं अर्धंच ऐकतो. पेशंटचा ताप लिहितेस तसंच हे.

बाबांच्या नादी लागू नकोस. तीस वर्षं वीजघरात काढलेला माणूस, जे बंद आहे तेच सुरक्षित असं त्यांचं गणित. त्यांची तब्येत कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस.

दुसरा लेटमार्क होऊ देऊ नकोस म्हणणं सोपं आहे, कळतंय मला. जिवाला जप, आणि गाडीला लाथ मारू नकोस.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. गाडीला लाथ मारली. पत्र उशिरा पोचलं.

दुसरा लेटमार्क झाला. पुन्हा त्याच मास्तरीणबाई. दाराशी उभ्या राहून मनगटावरचं घड्याळ दाखवत होत्या. त्यांचं तरी काय चुकलं? जखम त्यांची, दुखतं त्यांना. पण त्यांनी फोन केला आणि मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या की गाडीची कारणं इथे सगळेच सांगतात. मी त्यांना फटकन म्हटलं की मग या आणि ढकला. फोनवर म्हटलं, तरी ऐकू गेलंच.

चष्मेवाले आहेत अजून. त्यांनी सेल्फ बदलला, सगळ्या वायरी साफ केल्या आणि गाडी दोन रात्री ठेवून घेतली. दोन दिवसांत पन्नास वेळा चालू केली म्हणे, एकदाही अडली नाही. मी गेले तर माझ्यासमोर सात वेळा चालू करून दाखवली. इतकी लाज वाटली मला! मी सासरची तक्रार घेऊन माहेरी आलेय आणि जावई समोर गोड हसतोय, असं झालं. घरी आणली, दुसऱ्या दिवशी पावणेदहाला टक.

वहीतलं उतरवून देते, पत्र येण्याआधीचे दिवस आठवून लिहिलेत. घरून सकाळी निघताना: रोज चालू, एकदाही नापास नाही. दुसऱ्या थांब्यानंतर: नऊ दिवसांत दोनदा नापास. तिसऱ्यानंतर: चारदा. खड्ड्यांचा रस्ता असला की जास्त, असं मला वाटतं, पण मला काय कळतंय? दिवे पूर्ण जातात, मग दार आपटलं की कधीकधी येतात. गाडीतलं घड्याळही बिघडलंय, रोज सकाळी बघावं तर बारा वाजून काही मिनिटं. माझेच बारा वाजलेत, त्याचं काय घेऊन बसू? चष्मेवाल्यांनी ते लावून दिलं होतं, त्यांच्याकडून गाडी आणली त्या संध्याकाळपर्यंत बरोबर होतं, दुसऱ्या सकाळी पुन्हा बारा. तू क्षुल्लकही लिही म्हणालास म्हणून लिहिलं.

बाबा ठीक. सकाळी मी उठायच्या आत झाडांना पाणी घालायला बाहेर जातात. कुंड्या तीन आणि पाणी घालायला अर्धा तास! संध्याकाळी फाटकाची कडी बघायला जातात, तेही तेवढाच वेळ. मला वाटतं त्यांना घरात माझी कटकट नको असते.

आता एकच लेटमार्क शिल्लक आहे. लवकर लिही, नाहीतर बेकार बहिणीला पोसायची तयारी ठेव.

तुझी,
ठिणगी


१७ फेब्रुवारी

चि. यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व ठीक. तुझ्या बहिणीचे डोके नेहमीपेक्षा जास्त गरम आहे, बाकी क्षेम.

गाडीवरून घरात वादळ चालले आहे. दोन मिस्त्री झाले. आजकालचे मिस्त्री म्हणजे दिसेल ते काढा आणि बदला. चांगली बॅटरी काढली, चांगला सेल्फ काढला. त्या चष्मेवाल्याने तर मी बसवलेला कानवाला नट काढून तिथे पान्याने आवळायचा नट ठोकून दिला. मला विचारलेसुद्धा नाही. कानवाला नट मी बॅटरीच्या टर्मिनलवर एवढ्यासाठी लावला होता की संध्याकाळी गाडी आली की हाताने सोडवता यावा आणि सकाळी हाताने लावता यावा. सोळा वर्षे हेच करत आलो, एकदा म्हणून बॅटरी उतरली नाही. त्याचा नट पक्कडीने सोडवून माझ्या खिळ्यांच्या डब्यात दुसरा कानवाला होता तो लावून टाकला.

हे तिला सांगितलेले नाही. सांगितले तर म्हणेल म्हातारा चळला. तूही बोलू नकोस. गाडीची काळजी घेणारे घरात कोणी आहे हे तिला माहीत नसले तरी चालते. तिची नोकरी टिकली पाहिजे एवढेच मला वाटते, पोरीने आठ महिने फार वाईट काढले.

थंडी असेल. कानाला बांधून झोपत जा.

तुझा,
बाबा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या उत्तराची वाट बघून थकले आणि काल माणसांत शोभणार नाही असं वागले.

काल गाडी पुन्हा अडली. पंपापासून जवळ होते म्हणून चष्मेवाल्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीवर वाकून बघितलं. मग मला म्हणाले की बॅटरीवरचा जुना कानांचा नट त्यांनी फेकून पान्याचा बसवला होता, हा कानवाला परत कुठून आला, आणि तोही असा सैल? कुणीतरी घरी हात लावतंय, असंही म्हणाले.

दादा, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः नट बदललाच नाही आणि वर माझ्या घरावर ढकलतात! मी भर रस्त्यात त्यांना खोटारडे म्हटलं. माझ्या घरात मी आणि माझे म्हातारे वडील, आमच्यात नट बदलणारं भूत कोण, असं विचारलं. पंपावरची माणसं गोळा झाली. त्यांनी पान्याने नट आवळला, हात पुसले आणि निघून गेले, काही न घेता. गाडी दिवसभर छान चालली, त्याचा तर मला आणखीच राग आला.

तू म्हणाला होतास की ते बोलत नाहीत हा त्यांचा गुण. बघ, बोलले आणि काय झालं.

आता कुणाकडे जाऊ सांग. सगळ्यांशी भांडून झालं. पत्राची वाट बघतेय.

तुझी,
ठिणगी


२० फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं आणि ठिणगीचं पत्र एकाच ट्रकने आलं. तिचं आधी वाचलं, मग तुमचं, आणि मग बराच वेळ कपाळाला हात लावून बसलो. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा.

तिने वहीत लिहिलंय की गाडीतलं घड्याळ रोज सकाळी बारापासून सुरू होतं, फक्त मिस्त्रींकडे होती तेव्हा नीट होतं. बॅटरी तोडून पुन्हा जोडली की ते घड्याळ बारावर येतं. तेवढं वाचून मला कळलं होतं की घरी रोज कुणीतरी बॅटरी तोडतंय. तुमच्या पत्राने कोण ते कळलं. गाडी मिस्त्रींकडे अडत नाही, कारण तिथे तुम्ही नसता.

तुम्ही सोळा वर्षं हाताने नट आवळलात आणि तो पक्का बसला, हे खरं. पण गेल्या सुट्टीत लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही मुकाट माझ्याकडे सरकवलंत. मी उघडून दिलं आणि जेवत राहिलो. तेव्हाच मला समजायला हवं होतं. तुमच्या बोटांत आता तेवढा जोर नाही बाबा. नट अर्धा बसतो, गाडी निघते, खड्ड्यांनी टर्मिनल हलतं, आणि तिसऱ्या दारापाशी पोरगी अडकते. दोन लेटमार्क त्यामुळे झालेत. तिसरा झाला की नोकरी गेली.

आता हे तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती तुमच्यावर ओरडेल, तुम्ही सांगितलंत तर कदाचित नाही ओरडणार. तोवर कृपा करून त्या नटाला हात लावू नका.

एक मात्र मला उमगत नाही. वीजघरातली सवय म्हणावी, तर घरातला मेन तुम्ही कधी बंद करत नाही. मग गाडीचाच का?

रागावू नका. घाईत लिहिलंय, ट्रक निघतोय.

आपला,
दादा (तिचा)


२७ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. आज खरोखर वाकून. कारण खाली देते.

तिसरा लेटमार्क चोवीस तारखेला झाला. मास्तरीणबाईंकडे पोचले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी येऊन भेटायला सांगितलं. घरी येऊन मी जेवले नाही, बाबांशीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं पत्र त्यांना आलं. मला वाटलं तुझं नेहमीचं असेल. ते वाचून बाबा आत गेले, पेन्शन आणायला जाताना घालतात तो शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले की तेही येणार. मी नको नको म्हणत होते.  मग गाडीत बसल्या बसल्या समोर बघत त्यांनी सगळं सांगितलं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, शप्पथ. पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे धरले होते आणि बोटं मिटून दाखवत होते, कुठवर मिटतात ते. मला ओरडता नाही आलं.

ऑफिसात त्यांनी मोठ्या सिस्टरांपुढे एक कागद ठेवला. वीजघरात बिघाड झाला की लिहायचे तसा. मी उतरवून घेतलाय, तसाच देते:

दोष: गाडी चालू न होणे. दोष सुरू झाला: मुलगी नोकरीस लागल्यापासून, कारण त्याआधी गाडी क्वचित निघत असे. बदललेले भाग: बॅटरी, सेल्फ. दोन्हींत दोष नव्हता. दोषाचे कारण: वडील. रोज संध्याकाळी बॅटरी सोडणे व पहाटे हाताने जोडणे. हाताचा जोर कमी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही. आले होते, पण मान्य केले नाही. असे करण्याचे कारण: सोळा वर्षांपूर्वी पत्नीस तातडीने दवाखान्यात न्यायचे होते. गाडीतील आतला दिवा रात्रभर चालू राहून बॅटरी उतरली होती. पोचण्यास पाऊण तास उशीर झाला. फरक पडला नसता असे डॉक्टर म्हणाले. ते ऐकून घेतले. त्यानंतर बॅटरी उतरू दिली नाही. उपाय: वडिलांस बॅटरीपासून दूर ठेवणे. तिन्ही लेटमार्क वडिलांच्या नावे लिहावेत ही विनंती.

मोठ्या सिस्टर उभ्या उभ्या वाचत होत्या, मग खुर्चीत बसल्या. दोन मार्क खोडले. एक ठेवला, फोनवर उद्धट बोलल्याबद्दल. तो माझ्याच नावे, आणि बरोबरच आहे. नोकरी राहिली, दादा.

तिथून चष्मेवाल्यांकडे गेलो. मी माफी मागायला वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते पहिल्या शब्दालाच फिसकटलं आणि मी भोकाड पसरलं. ते मान खाली घालून कार्बोरेटर का काय ते पुसत राहिले. बाबांनी खिशातून कानवाला नट काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि बाबांना दहा नंबरचा पाना दिला. म्हणाले की हाताऐवजी याने बघत जा, जोर पान्यात असतो. आता रोज सकाळी बाबा माझ्यादेखत पान्याने नट तपासतात आणि मग वीजघरातल्यासारखं ‘लाइन चालू’ म्हणतात. तेवढं ऐकल्याशिवाय मीही किल्ली फिरवत नाही. घड्याळ बरोबर चाललंय.

आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची, शाळेत होते. मला कुणी काही सांगितलंच नाही. तो दिवा कुणी चालू ठेवला होता रे? बाबांना विचारलं तर म्हणतात की ते नोंदीत नाही.

असाच वहीसकट लोभ राहू दे.

तुझी,
ठिणगी


३ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. ठिणगीने तुमचा कागद उतरवून पाठवला.

गाडी जुनी झाली होती म्हणून अडली, एवढंच तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतंत. मी मानलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांतले दोष शोधत फिरलो, आणि या एका दोषाचं कारण कधी विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी घरात आईचं कण्हणं ऐकवत नव्हतं, म्हणून मी गाडीत जाऊन अभ्यास करत बसलो होतो. परीक्षा आठवड्यावर होती. दिवा मीच लावला होता, बाबा. बंद केल्याचं आठवत नाही. काल दिवसभर आठवून बघितलं, नाहीच आठवत.

 तुम्ही सोळा वर्षं रोज त्या बॅटरीपाशी जात राहिलात आणि ते काम माझं होतं.

आपला,
दादा


८ मार्च

चि. यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र मिळाले.

भूगोलाचे पुस्तक मागच्या सीटवर होते, नद्यांच्या धड्यावर उघडे. सकाळी दिव्याचे बटण मीच बंद केले. शेजारचे धक्का मारायला येत होते, त्यांच्या नजरेस पडण्याआधी पुस्तक शर्टाच्या आत घातले. दवाखान्यात दिवसभर ते माझ्या अंगावरच होते. परतल्यावर तुझ्या टेबलावर ठेवले. तू त्या विषयात पास झालास, मला बरे वाटले.

हे तुझ्या बहिणीला सांगायचे की नाही ते तू ठरव. माझ्याकडून कुठेही लिहिलेले नाही.

गाडी रोज चालू होते. मी आता बॅटरी सोडत नाही. संध्याकाळी फक्त जाऊन आतला दिवा बंद आहे ना, ते काचेतून बघून येतो.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. नवी बरणी आणली आहे, तिचे झाकण फार घट्ट आहे.

तुझा,
बाबा